एका समुद्राचे पाच कायदे: पश्चिम किनाऱ्याच्या मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ

सप्रेम नमस्कार.

पाच जणांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण एकेकट्याला लिहून काही हाती लागत नाही. ट्रॉलर किनाऱ्याला खेटून जाळी ओढतायत अशी तक्रार केली, की बोट दुसऱ्या राज्याची असल्याचं सांगतात. वाळूवर डांबरगोळे आले, की जहाज खोल समुद्रातलं, विषय केंद्राचा. खाडीत मासे मेले, की हे काम मत्स्यव्यवसायाचं नाही, प्रदूषणवाल्यांकडे जा. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर असतं, आणि बोटी तशाच चालू राहतात.

मी मालवण तालुक्यात किनाऱ्यावर राहते. घर रापणकरांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांचं. माझी मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला आपल्याला सोपं जाईल: कच्छपासून तिरुवनंतपुरमपर्यंतच्या समुद्रासाठी पाचही राज्यांनी, दमण-दीवने आणि केंद्राने मिळून एक कायमचं मंडळ स्थापन करावं. त्याने ठरवलेले किमान नियम सगळ्यांना बंधनकारक असावेत. आणि त्या मंडळावर मच्छीमार मताच्या अधिकाराने बसावेत, नुसते निमंत्रित म्हणून नव्हे.

हे पाणी एक आहे, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटा फिरून उत्तरेकडे. एका किनाऱ्याने पाण्यात सोडलेली घाण शेजारच्या किनाऱ्याला लागते आणि वारा-पाणी फिरलं की दिशाही फिरते. बांगडा, तारली, सुरमई यांचे थवे राज्यांच्या हद्दी ओलांडत फिरतात. ओडिशातल्या गहिरमाथ्याला टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. त्याच्या उलट, २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. म्हणजे वेळासला आणि गुहागरला गावकरी जी घरटी जपतात, त्यांतली पिल्लं पुढे कोणाकोणाच्या पाण्यात जाणार आहेत याचा अंदाजसुद्धा आपल्याला बांधता येत नाही.

कायद्याचं मात्र तुकड्यांत आहे. संविधानाने मासेमारी राज्यसूचीत ठेवली आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी संघसूचीत. त्यामुळे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, राज्याचे, आणि तिथून २०० मैलांपर्यंत केंद्राचे. राज्यांनी आपापले सागरी मासेमारी कायदे केले तेही वेगवेगळ्या वेळी: केरळ आणि गोवा १९८० मध्ये, महाराष्ट्र १९८१ मध्ये, कर्नाटक १९८६ मध्ये, गुजरात थेट २००३ मध्ये. पावसाळी बंदीचे दिवससुद्धा सगळीकडे सारखे नाहीत. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस धरतात, केरळात ट्रॉलिंग ५२ दिवस बंद असतं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नसत. आज ती पौर्णिमा १ ऑगस्टनंतर आली, तर बोटी तिच्यासाठी थांबत नाहीत.

या फटींतून काय होतं ते मालवणच्या समुद्रात बघा. रापण म्हणजे होडीतून अर्धगोलात सोडलेलं लांबलचक जाळं, ज्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, मग तो सत्तरीचा म्हातारा असो की शाळेतून आलेला पोर. रापण माशामागे जात नाही. मासा किनाऱ्याजवळ आला तरच तिला मिळतो. पर्ससीन नेमकं उलटं करतं. इकोसाउंडरवर, म्हणजे पाण्याखालचा मासा दाखवणाऱ्या यंत्रावर, थवा दिसला की बोट त्याच्याभोवती फिरून जाळ्याचं कडं घालते आणि बटव्याची नाडी ओढावी तसा खालचा दोर आवळते. अख्खा थवा आत, लहान-मोठा, अंड्याचा-बिनअंड्याचा सगळा. त्यात एलईडी आले. जनरेटर लावून रात्रीच्या समुद्रात प्रकाशाचे झोत सोडायचे, मासा त्या उजेडाकडे गोळा होतो, मग जाळं टाकायचं. आमच्या गावातून रात्री पश्चिमेला पाहिलं तर क्षितिजावर शहर वसल्यासारखं दिसतं.

याविरुद्ध नियम नाहीत असं कोणी म्हणू नये. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ ला आपल्या क्षेत्रात एलईडीची मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून ओढायचं बुल ट्रॉलिंग बंद केलं. महाराष्ट्राने त्याआधीच, ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले आणि परवाने टप्प्याटप्प्याने ४९४ वरून १८२ वर आणायचं ठरवलं. २०२१ मध्ये कायदा सुधारला, एलईडीसाठी ५ ते २० लाख रुपये दंड ठेवला, आणि सुनावणी तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे दिली. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोनने टेहळणी सुरू झाली. हे सगळं चांगलं आहे, आणि त्यातलं बरंचसं मच्छीमारांनी मोर्चे काढून, उपोषणं करून मिळवलेलं आहे. पण जानेवारीत पर्ससीनवाला सांगतो, मी १२ मैलांच्या बाहेर जातोय. तो खरंच बाहेर जातो की सातव्या मैलावर जाळं टाकतो, हे रात्री दोन वाजता कोण बघणार? आणि शेजारच्या राज्याची बोट सापडली, दंड भरला आणि सुटली, तर तिच्या घरच्या बंदरावर त्याची नोंदही होत नाही. तिचा परवाना तसाच राहतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आमच्या सभांमधून ती नीट बोलली जात नाही. कर्नाटकात उडुपीजवळच्या मालपेहून येणारे हायस्पीड ट्रॉलर आमचं नुकसान करतात, ही गोष्ट खरी. पण 'परप्रांतीय' म्हणून नुसता संताप करून आपण अर्धीच गोष्ट सांगतो. आमच्याच राज्याची पर्ससीन काही कमी ओरबाडत नाहीत. त्या बोटींवर जाळी ओढणारे खलाशी बहुतेक वेळा नेपाळमधले, ओडिशातले, झारखंडमधले असतात आणि त्यांच्या हातात सगळ्यात कमी पैसा पडतो. मालपेचा ट्रॉलर एवढं डिझेल जाळून आमच्या दारापर्यंत येतो, तो स्वतःच्या पाण्यात भरपूर मासा असताना येत नसणार. मालवणच्या आणि उडुपीच्या मच्छीमाराने एका टेबलावर बसायला हवं. आज ते समोरासमोर येतात ते भर समुद्रात, रात्रीच्या अंधारात, आणि तिथे दगडफेकीपर्यंत मजल जाते.

तारलीचं काय झालं ते केरळ सरकारला वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये केरळात सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांपेक्षाही कमी. समुद्राचं तापमान, पाऊस, अन्नसाखळीतले बदल, सगळ्याचा त्यात हात आहे. तारलीचे चढउतार पूर्वीही होत. पण कमी झालेल्या माशाची पिल्लंसुद्धा जेव्हा टनांनी फिशमीलच्या, म्हणजे माशाची भुकटी करणाऱ्या, कारखान्यात जातात, तेव्हा त्याला सावरायला जागाच उरत नाही. केरळाने शहाणपण दाखवलं आणि ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा पकडायला सगळ्यांच्या आधी बंदी घातली. २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही ५० हून अधिक जातींसाठी अशी किमान लांबी ठरवली. पण एका बंदरावर जो मासा बेकायदा आहे तो शेजारच्या राज्याच्या बंदरावर उतरवून विकता येत असेल, तर त्या नियमाला अर्थ काय उरतो?

आमच्या बाजारात बसणाऱ्या बाईच्या टोपलीत डोकावून बघावं. सरंगा, म्हणजे मुंबईकरांचं पापलेट, महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच सरंग्याची तळहातापेक्षा लहान पिल्लं वाट्यावर विकली जातात. एका वाट्यात सात-आठ. चांदीसारखी चमकतात आणि गिऱ्हाईकही खूश असतं, कारण मोठा सरंगा परवडत नाही. ती कापली तर गाबोळीचा पत्ता नसतो, एकदाही अंडी न घालता ती टोपलीत आलेली असतात. विकणारीला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती म्हणते, 'मी नाही घेतली तर दुसरी घेतली, बंदरावर तर येतातच ना?' तिच्यावर छापा घालण्यात काय पुरुषार्थ आहे? ती पिल्लं ज्या बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात आली ते जाळं कुठे विणलं, कुठल्या बोटीवर चढलं आणि कुठल्या बंदरावर उतरलं, हे विचारा. उत्तर शोधत गेलात तर बहुतेक वेळा दोन-तीन राज्यं ओलांडावी लागतील.

आता पाण्याकडे येते. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू मुळातच फार कमी आहे. जगातल्या मोजक्या अशा समुद्रांपैकी हा एक. पावसाळ्यात आणि त्यानंतर हे खोलातलं प्राणवायू कमी असलेलं पाणी आपल्या किनाऱ्यालगत वर सरकतं. ते निसर्गाचं चालत आलेलं चक्र आहे. पण दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० सालीच दाखवून दिलं, की हा किनाऱ्यालगतचा पट्टा जास्त गंभीर होत चाललाय, आणि जमिनीवरून येणारी खतं त्याला कारण असू शकतात. अशा आधीच गुदमरणाऱ्या पाण्यात आपण शहरांचं सांडपाणी सोडतो. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथे मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रकल्प बांधले जात आहेत. ते पूर्ण व्हावेत, वेळेत व्हावेत. पण एवढी क्षमता आज उभारावी लागते, म्हणजे इतकी वर्षं समुद्रात काय जात होतं याचा हिशेब वेगळा मांडायची गरज नाही. आणि ही फक्त एका महानगराची गोष्ट झाली. वापीपासून कोचीपर्यंत रासायनिक वसाहती आणि खाड्या यांचं नातं एकाच साच्यातलं आहे: पहिला जोराचा पाऊस पडला, की साठवून ठेवलेलं सोडून देतात, दुसऱ्या दिवशी खाडीत पांढऱ्या पोटाचे मासे तरंगतात, नमुने घेतले जातात, अहवाल येईपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं. पाचही राज्यांची प्रदूषण नियंत्रण मंडळं खाड्यांच्या मुखाशी एकाच पद्धतीने, एकाच दिवशी पाणी तपासून आकडे त्याच आठवड्यात लोकांसमोर का ठेवू शकत नाहीत? यंत्रं आहेत, माणसं आहेत. एकत्र बसायची सक्ती तेवढी कोणावर नाही.

डांबरगोळ्यांचं तर मी लहानपणापासून बघते. एप्रिल-मे लागला की भरतीच्या रेषेवर काळे चिकट गोळे येऊन पडतात, गोव्यात आणि इकडे आमच्या किनाऱ्यावरही. पायाला लागले तर साबणाने निघत नाहीत, खोबरेल नाहीतर रॉकेल चोळावं लागतं. जाळ्याच्या आसात बसले तर तेवढा तुकडा कापूनच टाकायचा. हे तेल कुठून येतं, याचा शोध समुद्रविज्ञान संस्थेने त्याच्या रासायनिक ठशांवरून घेतला आहे: टँकर खोल समुद्रात टाक्या धुतात त्यातलं, आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रांतलंही. म्हणजे स्रोत माहीत आहेत. दंड मात्र वाळू झाडणाऱ्या पंचायतीला बसतो, कारण सफाईचा खर्च तिचाच.

जहाजं बुडतात तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर होतं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या तोंडावर 'एमएससी चित्रा' आणि 'खलीजिया' यांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले. पुढच्याच ऑगस्टमध्ये 'राक कॅरिअर' ६० हजार टन कोळशासह मुंबईजवळ बुडालं. त्याची भरपाई म्हणून १०० कोटींचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला तो २०१६ मध्ये, पाच वर्षांनी. मग मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं. ६४० कंटेनर, त्यांतल्या १३ मध्ये धोकादायक माल, आणि प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांची पोतीच्या पोती. ते मणी केरळच्या वाळूत मिसळले आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यालाही लागले. महिना उलटायच्या आत 'वान हाई ५०३' हे जहाज पेटलं. केरळाने एल्सासाठी ९,५३१ कोटींचा दावा केला आणि तो हिमतीने केला. पण हेच जहाज वेंगुर्ल्यासमोर किंवा कारवारसमोर बुडालं असतं तर? कोणत्या जिल्हाधिकाऱ्याकडे मणी गोळा करायची तयारी आहे, नुकसान मोजायची पद्धत ठरलेली आहे, मच्छीमाराला किती दिवस समुद्रात जाऊ नको आणि त्याचे पैसे कोण देणार हे लिहून ठेवलेलं आहे? तेलगळतीसाठी तटरक्षक दलाकडे १९९६ पासून राष्ट्रीय योजना आहे. त्याच धर्तीवर किनाऱ्याची, नुकसानभरपाईची एकच तयारी पाचही राज्यांची असावी. केरळाने जे अनुभवातून शिकलं, ते शेजाऱ्याला पुन्हा बुडवून शिकायला लावू नये.

चांगलं काही घडलं, तर तेही सीमेपाशीच थांबतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवला. कांदळवनं तोडणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडला, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना आली आणि बंदरावरच्या गप्पा बदलल्या. पूर्वी सापडलेलं जनावर गुपचूप बाजूला केलं जायचं, आता त्याचा व्हिडिओ काढून खात्याला पाठवतात. किनाऱ्याच्या कुठल्याही बंदरावर जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला हीच हमी का मिळू नये? आणि नुकसान झालं की ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं. आपल्या ट्रॉलर जाळ्यांना कासवं बाहेर जाऊ देणारं साधन लावलेलं नाही, म्हणून अमेरिकेने २०१९ पासून समुद्रातली भारतीय कोळंबी बंद केली. बंदी घालताना त्यांनी रत्नागिरीची कोळंबी आणि वेरावळची कोळंबी वेगळी केली नाही.

कोणी म्हणेल, एवढी राज्यं एकत्र येणं अवघड आहे. १९७४ मध्ये बाल्टिक समुद्राभोवतीचे सात देश हेलसिंकीला एकत्र आले आणि त्या समुद्राच्या रक्षणाचा करार त्यांनी केला. त्यांत सोव्हिएत संघ होता, पोलंड होता, डेन्मार्क होता, आणि पूर्व जर्मनी आणि पश्चिम जर्मनी दोन्ही होत्या. शीतयुद्ध चालू होतं, एकमेकांवर अण्वस्त्रं रोखलेली होती. तरी त्यांचं आयोग उभं राहिलं, आजही चालू आहे, आणि त्या समुद्रात जाणारा नायट्रोजन-फॉस्फरस देशवार मोजून प्रत्येकाला मर्यादा ठरवून देतं. बाल्टिक अजून बरा झालेला नाही, हेही खरं. पण कोण किती घाण टाकतं, यावर तिथे वाद होत नाही. आकडा टेबलावर असतो. आपण तर एका देशातली राज्यं आहोत, एका संसदेला खासदार पाठवणारी.

आपल्याकडे विभागीय परिषदा आहेत, त्यांच्याकडे हे सोपवा, असंही सुचवलं जाईल. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने त्या केल्या. पण गुजरात, महाराष्ट्र, गोवा पश्चिम विभागात आणि कर्नाटक, केरळ दक्षिण विभागात आहेत. म्हणजे ज्या ठिकाणी मालवण आणि मालपे एकमेकांना भिडतात, नेमकी तिथेच परिषदेची रेघ जाते. नवं मंडळ लागणार ते याचसाठी.

त्या मंडळाने पहिल्याच वर्षी काय करावं, हे मी माझ्या बाजूने सांगते. पावसाळी बंदीच्या तारखा शास्त्रज्ञ आणि मच्छीमार यांनी मिळून एक कराव्यात. किमान लांबी आणि जाळ्याचा आस पाचही राज्यांत सारखा व्हावा, आणि तपासणी बाजारात नको, मासा उतरतो त्या बंदरावर व्हावी. बोटींच्या गुन्ह्यांची एकच नोंदवही असावी, म्हणजे महाराष्ट्रात सापडलेल्या बोटीचा परवाना तिच्या घरी थांबेल. मोठ्या बंदरांच्या आणि भरावांच्या प्रकल्पांना परवानगी देताना शेजारच्या राज्याच्या किनाऱ्यावर काय होईल, हेही तपासलं जावं. डहाणूजवळच्या वाढवणला नव्या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकला जाणार आहे. तिथून गुजरातची हद्द जवळ आहे, आणि गाळ कोणत्या दिशेने सरकायचा हे तो कोणाला विचारून ठरवणार नाही. डहाणूच्या मच्छीमारांचा विरोध मला पटतो. ज्यांना तो पटत नाही त्यांनीही निदान एवढा अभ्यास मागावा. आणि परवाने कमी होतील तेव्हा बोटमालकांना नुकसानभरपाई आणि खलाशांना काही महिन्यांचं वेतन मिळायला हवं. नाहीतर रात्री चोरून जाणं हाच त्यांच्यासमोरचा एकमेव रस्ता राहील.

पहिली बैठक जून-जुलैमध्ये घ्या. तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात, झावळांखाली झाकलेल्या असतात, आणि समुद्रावर जाणारा माणूस घरी असतो. दुसऱ्या कोणत्याही महिन्यात बोलावलंत तर संघटनांचे पुढारी येतील, मच्छीमार येणार नाही. मालवणात घ्यायचं ठरलं तर जागेची आणि जेवणाची सोय आम्ही गावकरी करू. आपण फक्त तारीख कळवा.

आपली,
मालवण तालुक्यातल्या रापणकर कुटुंबातली एक नागरिक